पेशींची फुगडी आणि कॅन्सरचा प्रवास

गेल्या श्रावणात, दुपारचा पाऊस जरा उघडल्यावर, आमच्या गल्लीतली अक्का मोबाइल घेऊन माझ्या सोप्यात येऊन बसली. तिची थोरली लेक माझी विद्यार्थिनी. निपाणीत मराठी शाळेत दहावी झाली, बेळगावला बीएस्सी केलं, आणि आता कॅन्सरवर संशोधन करते. अक्का तीस वर्षं विड्या वळते. त्याच पैशांतून पोरीच्या फिया भरल्या. त्या दिवशी लेकीनं आपल्या छापून आलेल्या शोधनिबंधांची यादी व्हॉट्सॲपवर धाडली होती.

"बाई, म्हंती माझं काम बघ. म्या काय बघू? कॅन्सर येवढा एकच शबुद वळखू आला. पोरगी नेमकं लिवती तरी काय?"

यादी मलाही एकदम उलगडली नाही. मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण आमच्या पुस्तकातल्या पेशी म्हणजे विटा. एकावर एक रचलेल्या, गप्प. या यादीतल्या पेशी धरत होत्या, सोडत होत्या, ऐकत होत्या, चालत होत्या. सगळ्या शीर्षकांत फिरून फिरून तेच चार-पाच शब्द होते: रिसेप्टर, ॲडहीजन, इन्व्हेजन, मेटास्टॅसिस. मग काही रात्री वाचत बसले, पोरीला फोन करकरून विचारलं, आणि अक्काला सांगितलं ते इथं लिहिते आहे. आपल्या भागात या शब्दांची गरज फार आहे. निपाणीची तंबाखू, खानापूर-चिकोडीकडचा प्रत्येक पानाचा ठेला, चुना मळणारे हात, मिश्री लावणाऱ्या आया-आज्या. तोंडाचा कॅन्सर आपल्याला परका नाही. घरात तो आला की फॉर्म कन्नडात असतो, रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि भीती तेवढी मराठीत असते.

अक्काला मी आधी उलटाच प्रश्न विचारला. आपलं अंग म्हणजे कोट्यवधी पेशी. मग आंघोळ करताना आपण ओल्या मातीच्या ढेकळासारखे सुटे सुटे होऊन वाहून का जात नाही? गालाच्या आतली कातडी रोज गरम चहा, भाकरी, चटणी सोसते, तरी जागची हलत नाही ती का?

कारण पेशी एकमेकींना धरून असतात. हे धरणं म्हणजेच ॲडहीजन. आणि ते डिंकासारखं नसतं, फुगडीसारखं असतं. पंचमीला दोन पोरी समोरासमोर उभ्या राहतात, हात अदलाबदल करून धरतात, पाय जवळ आणतात आणि अंग मागं झोकून देतात. पेशीच्या बाहेर आलेले काही प्रथिनांचे हात अगदी असेच असतात. शेजारच्या पेशीचाही तसाच हात पुढं येतो, एकीच्या हाताचं टोक दुसरीच्या खोबणीत जातं आणि दुसरीचं पहिलीच्या. या हातांचं नाव कॅडहेरिन. गालाचं, आतड्याचं, स्तनातल्या नलिकांचं अस्तर ज्यानं एकसंध राहतं तो ई-कॅडहेरिन. आतल्या बाजूला हा हात कॅटेनिन नावाच्या प्रथिनांना आणि त्यांच्यामार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. खांदा नसेल तर हाताला जोर कुठला?

हे हात सापडले त्याची गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या दशकात क्योटोचे मासातोशी ताकेइची काही काळ अमेरिकेत बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले होते. पेशी सुट्या करायला ट्रिप्सिन नावाचं विकर वापरतात, ते प्रथिनं कापतं. क्योटोत सुट्या केलेल्या पेशी थोड्या वेळानं पुन्हा एकमेकींना धरायच्या. बाल्टिमोरला तेच केलं तर पेशी जवळच येईनात. हात तोच, पद्धत तीच, फळ वेगळं. शोधता शोधता कळलं की बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए नावाचं रसायन मिसळलेलं होतं, आणि ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. कॅल्शियम असेल तर पेशींचे हात ट्रिप्सिनच्या कात्रीतून वाचतात, नसेल तर कापले जातात. म्हणजे पेशींना जोडणारी अशी काही वस्तू आहे जी कॅल्शियमवाचून टिकत नाही. हे त्यांनी १९७७ मध्ये मांडलं, आणि १९८४ मध्ये त्या वस्तूला कॅडहेरिन हे नाव मिळालं. आता आपल्याला त्या हाताची घडणही माहीत आहे. पाच मणी ओवल्यासारखा तो असतो आणि मण्यांमधल्या सांध्यांत कॅल्शियम बसतं. कोपर ताठ असल्याशिवाय फुगडी होत नाही. कॅल्शियम गेलं की हात लुळा पडतो.

इथं अक्कानं असा प्रश्न विचारला की मी थांबलेच. "मग चुन्यात कॅल्शियमच अस्तंय न्हवं? तंबाखूसंगं चुना खाल्ला तर फुगडी घट्टच हुईल की."

वर्गात असा प्रश्न आला असता तर मी त्या मुलीला पुढच्या बाकावर बसवलं असतं. उत्तर मात्र सरळ आहे. रक्तातलं आणि पेशींभोवतीचं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, गालात चुना ठेवून ते वाढत नाही. उलट चुना दाहक आहे. तो नाजूक अस्तर पोळतो, आणि त्याच्या क्षारपणामुळं तंबाखूतलं निकोटिन तोंडातून लवकर अंगात भिनतं. चुन्याची तंबाखू 'लागते' ती त्यामुळंच. फुगडी घट्ट होत नाही, फुगडी खेळणाऱ्या पोरींच्या अंगावर रोज आग टाकली जाते.

फुगडीचा हा हात जन्मतःच अधू असेल तर काय होतं, ते १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी घराण्यामुळं कळलं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माणसं तरुण वयात पोटाच्या कॅन्सरनं जात होती. तपासात निघालं की ई-कॅडहेरिन घडवणाऱ्या जनुकातच दोष आहे आणि तो आईबापांकडून मुलांकडं येतो. आता अशा घरातल्या माणसांना जनुकतपासणी करून आधीच सावध होता येतं. स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार, लोब्युलर, त्यातही बहुधा हाच हात नाहीसा झालेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी गोळा होऊन बसलेल्या दिसत नाहीत, मुंग्यांसारख्या एकीमागं एक ओळीनं जाताना दिसतात. म्हणून तो कधी कधी हाताला गाठ म्हणून लागतही नाही.

शेजारणीचा हात धरणं झालं. पण उभं कशावर राहायचं?

घराला जोतं असतं तसं अस्तराच्या पेशींखाली एक पातळ पण चिवट जोतं असतं. इंग्रजीत त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. लॅमिनिन आणि कोलॅजन या प्रथिनांच्या जाळ्यानं ते विणलेलं असतं. जोत्याच्या वर अस्तराच्या पेशी, खाली रक्तवाहिन्या, पेशींभोवतीचा द्राव वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या, स्नायू. हा सगळा लेख विसरलात तरी हे जोतं लक्षात ठेवा, कारण बायोप्सीच्या, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टातली सगळ्यांत मोठी बातमी त्याच्याच भोवती असते. पेशी बिघडल्यात पण जोत्याच्या वरच आहेत, तर रिपोर्टात 'इन सिटू' असं येतं किंवा नुसतं 'डिस्प्लेझिया', म्हणजे पेशींची ठेवण बिघडली आहे. जोतं फोडून खाली उतरल्या, तर 'इन्व्हेसिव्ह'. इन्व्हेजन म्हणजे जोतं ओलांडणं.

जोत्यात रोवलेले पेशीचे पाय म्हणजे इंटेग्रिन. हे नाव १९८६ मध्ये रिचर्ड हाइन्स यांच्या प्रयोगशाळेतून आलं. बाहेरचं जाळं आणि आतला सांगाडा यांना एकत्र आणतं, म्हणून इंटेग्रिन. त्याच्या दोन वर्षं आधी एर्की रुओस्लाती आणि मायकेल पियर्सबाकर यांनी दाखवलं होतं की जाळ्यातल्या फायब्रोनेक्टिन या मोठ्या थोरल्या प्रथिनाचे फक्त तीन दुवे, लागोपाठ आलेली तीन अमिनो आम्लं, पेशीला पाय रोवायला पुरतात. माणसात इंटेग्रिनच्या चोवीस जोड्या आहेत, आणि कुठली पेशी कुठल्या मातीत पाय रोवणार हे त्या जोड्यांवर ठरतं. हाइन्स, रुओस्लाती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना या कामासाठी वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार २०२२ मध्ये मिळाला.

पण पाय नुसते उभं राहायला नसतात. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याला तळव्यातूनच कळतं की रान वाफशावर आलंय की नाही. इंटेग्रिनही तसंच पेशीला आत कळवत राहतं: तू जागेवर आहेस, जग. तो निरोप थांबला की अस्तरातली निरोगी पेशी स्वतःहून मरते. १९९४ मध्ये या मरणाला ॲनोइकिस हे ग्रीक नाव दिलं गेलं. घर नसलेपण, असा काहीसा त्याचा अर्थ. मला हे वाचून गलबलून आलं. अशी प्रत्येक निरोगी पेशी घर सुटल्यावर जगायला नकार देते, आणि त्या नकारावर आपण उभे आहोत. कॅन्सरची पेशी हा नकार विसरते. बेघर होऊनही ती जगते.

आता रिसेप्टर. याला पुस्तकात 'ग्राही' म्हणतात, मी अक्काला 'कान' म्हटलं. पेशीच्या अंगावर हजारो कान असतात आणि प्रत्येकाला ठरावीकच हाका ऐकू येतात. 'वाढ' ही हाक ऐकणारा कान कसा सापडला, तेही ऐकण्यासारखं आहे. स्टॅनली कोहेन नवजात उंदरांना लाळग्रंथींचा अर्क टोचत होते. उंदराची पिल्लं एरवी बारा-चौदा दिवसांनी डोळे उघडतात, ही सहा-सात दिवसांतच उघडू लागली. दुसऱ्या कुणी 'चुकून झालं असेल' म्हणून सोडून दिलं असतं. कोहेन यांनी त्या अर्कातून कातडीची वाढ करवणारं प्रथिन वेगळं काढलं, ईजीएफ. पुढं त्याचा कानही सापडला, ईजीएफआर. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळालं.

गालात जखम झाली की भोवतालच्या पेशींना 'वाढा' अशी हाक जाते, जखम भरते, हाक थांबते. डोक्या-मानेच्या, म्हणजे तोंड-घसा-स्वरयंत्राच्या बहुतेक कॅन्सरांत ईजीएफआर पेशींवर गरजेपेक्षा फार जास्त असतो. हाक हळू आली तरी पेशीला ती आरोळी वाटते. म्हणूनच हा कान बुजवणारी औषधं निघाली. सेटुक्सिमॅबला अमेरिकेत या कॅन्सरांसाठी २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी क्युबात विकसित झालेलं निमोटुझुमॅब बंगळूरच्या बायोकॉन कंपनीनं भारतात आणलं. पुढं मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५३६ रुग्णांवर ते किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या जोडीनं तपासलं गेलं. २०१९ मध्ये छापलेला निकाल असा: औषध मिळालेल्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला, पण एकूण आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणता येईल इतका फरक दिसला नाही. असा अर्धा-मुर्धा निकाल मला जास्त विश्वासाचा वाटतो. खरं मोजलं की बहुधा असंच हाती येतं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये कानांची गोष्ट याहून पुढं गेली आहे. आपल्या बायकांच्या रिपोर्टात ईआर, पीआर, हर-टू अशी तीन नावं येतात. पहिली दोन संप्रेरकांची हाक ऐकणारे कान. ती पॉझिटिव्ह असतील तर ती हाक अडवणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतात. तिसरा, हर-टू, ईजीएफआरचाच भाऊबंद. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवलं की सुमारे तीस टक्क्यांत या कानाच्या जनुकाच्या जादा प्रती आहेत आणि त्या बायकांचा आजार लवकर उलटतो. आता हे प्रमाण पंधरा ते वीस टक्के धरतात. सगळ्यांत वाईट मानला जाणारा हा प्रकार औषधाला नेम सापडल्यामुळं बदलला. ट्रॅस्टुझुमॅब १९९८ मध्ये आलं, आणि २०१४ पासून त्याचं भारतात बनलेलं, बायोकॉनचं, कमी किमतीचं रूपही मिळू लागलं. रिपोर्टात हर-टूपुढं ३+ असेल तर हा कान भरपूर आहे, शून्य किंवा १+ असेल तर नाही असं धरतात, आणि २+ असेल तर 'फिश' नावाची आणखी एक तपासणी करून नक्की करावं लागतं. २+ आलं आणि फिश झाली नसेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. अलीकडं १+ वाल्यांसाठीही काही परिस्थितीत औषध निघालं आहे, तेव्हा तो आकडा कागदावर जपून ठेवा.

अक्काची लेक ज्यावर लिहिते ते या सगळ्याच्या मधलं आहे: कान आणि हात एकमेकांशी काय बोलतात.

ते बोलतात, हे नक्की. पाय जोत्यात रोवलेले असले की पेशीचे कान तल्लख असतात, पाय सुटले की निरोगी पेशीला 'वाढ' ही हाक नीट ऐकूच येत नाही. उलट ईजीएफआर सारखा वाजत राहिला की त्याचा निरोप थेट फुगडीच्या खांद्यापर्यंत, कॅटेनिनपर्यंत जातो आणि पकड ढिली होते. काही निरोप ई-कॅडहेरिनचं जनुकच बंद करतात. मग पेशी आपली ठेवण बदलते. ओळीत उभी असलेली चौकोनी पेशी लांबट, सुटी, फिरती होते. ही युक्ती कॅन्सरनं शोधलेली नाही. आपण आईच्या पोटात असताना पेशींनी याच पद्धतीनं हात सोडून लांबचा प्रवास केला, म्हणून चेहऱ्याची हाडं आणि कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या पेशी जागच्या जागी बसल्या. जुनं बाड कुलपात होतं, कॅन्सरनं ते चोरून वाचलं.

मग जोतं विरघळवणारी विकरं, खालच्या मातीतून वाट, लसीकावाहिनीत शिरणं, तिच्या वाटेवर मानेतली गाठ. तोंडाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर आधी मान चाचपून बघतात ते यासाठी. असं दूर जाऊन दुसऱ्या अवयवात गाठ धरणं म्हणजे मेटास्टॅसिस. रक्तात उतरलेल्या बहुतेक पेशी मात्र वाटेतच मरतात. प्रवाहाचा मार, रोगप्रतिकारक पेशींचा पहारा, आणि उतरायला परकी माती. १८८९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवतपासणीच्या नोंदी चाळल्या. रक्त यकृतातही जातं आणि प्लीहेतही, पण गाठी यकृतात पुष्कळ आणि प्लीहेत मोजक्याच. त्यांनी म्हटलं, बी सगळीकडं उडतं, उगवतं मात्र मानवेल त्या भुईत. आपल्याकडं हे कुणाला समजावून सांगायला नको. निपाणीच्या रानातली तंबाखू कणकुंबीच्या पावसात नेऊन लावा, बघा काय होतं ते. कुठल्या पेशीच्या पायांना, म्हणजे इंटेग्रिनना, कुठल्या अवयवाची भुई मानवते, हा त्या जुन्या निरीक्षणाचाच आजचा प्रश्न आहे.

इथवर ऐकून वाटेल की फुगडी सुटली की कॅन्सर पसरला, संपलं. मीही तसंच समजले होते, लेकीनं फोनवर दुरुस्त केलं. पुष्कळदा पेशी एकट्या जात नाहीत, हात न सोडता घोळक्यानं जातात, दिंडीसारख्या. २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर पेशी जास्त सुट्या झाल्या खऱ्या, पण वाटेत जास्त मेल्याही, आणि दूरच्या गाठी कमी झाल्या. तोच हात एका टप्प्यावर पहारेकरी असतो आणि दुसऱ्या टप्प्यावर सोबती. म्हणून एका निबंधात उत्तर मिळत नाही, पन्नास लिहावे लागतात.

आता या निबंधांत असतं काय? एक खरा निबंध सांगते, नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे, तिथला, २०११ मध्ये छापलेला. तोंडाच्या कॅन्सरमध्ये केराटिन-८ नावाचं प्रथिन अवेळी, अस्थानी दिसतं, हे आधी माहीत होतं. प्रश्न असा की ते नुसतं सोबत आहे की कारस्थानात सामील आहे. संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरपासून बशीत वाढवलेल्या पेशी घेतल्या, त्यांच्यात फक्त हे प्रथिन बनणं दाबून टाकलं, बाकी काही हलवलं नाही. पेशींचं चालणं कमी झालं, शिरकाव कमी झाला, गाठ वाढवायची ताकद कमी झाली, आणि अल्फा-६ बीटा-४ नावाच्या इंटेग्रिनचे निरोप मंदावले. एक खुंटी काढली की कुठली दोरी ढिली पडते, एवढंच पाहणं. पण किती निगुतीनं.

पेशींचं चालणं मोजायची एक पद्धत तर इतकी साधी आहे की अक्का हसली. बशीच्या तळाशी पेशींची साय धरली की बारीक टोकानं मधोमध रेघ ओढायची आणि दोन्ही काठांवरच्या पेशी ती रेघ किती तासांत बुजवतात ते बघायचं. अशा बशीतल्या पेशींचं काम आपल्या देशात रुजवलं ते पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. मराठी घरातली एक बाई त्या काळात हे करत होती, हे आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हतं आणि मी ते मुलींना कधी सांगू शकले नाही, याची चुटपुट मला आहे.

बशीत जे होतं ते माणसात होईलच असं नाही. इंटेग्रिनला पकडणारं सिलेंजिटाइड नावाचं औषध बशीत आणि उंदरांत आशा दाखवत होतं. मेंदूच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत, २०१४ मध्ये, त्यानं रुग्णांचं आयुष्य वाढवलं नाही. वर्तमानपत्रात 'कॅन्सरवर औषध सापडलं' असं वाचलं की मी आता पहिल्यांदा हे शोधते: बशी, उंदीर की माणूस?

आणि लिहिलेलं सगळं छापून येतं असंही नाही. निबंध पाठवला की त्याच विषयातले दोघं-तिघं अनोळखी जाणकार तो तपासतात, हा पुरावा पुरत नाही, तो प्रयोग पुन्हा करा, असं सांगतात, कधी साफ परत करतात. हे मात्र अक्काला समजवावं लागलं नाही.

"म्हंजे छाट," ती म्हणाली. हजार विड्या मोजून दिल्या की कारखान्यात त्यातल्या कच्च्या, वाकड्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. पान मात्र गेलेलं असतं. "पोरीची किती छाट ग्येली?" मी फोनवर विचारलं. लेक म्हणाली, यादीतला एक निबंध तीन ठिकाणांहून परत आला होता आणि शेवटचा प्रयोग पुन्हा करण्यात दीड वर्ष गेलं. अक्कानं मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा तिला लेकीचं काम आपल्या कामासारखं वाटलं असावं.

जाता जाता ती उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, तिच्या डाव्या गलफडात पांढरा चट्टा आहे, दोन वर्षं. मिश्री तिथंच लागते. डॉक्टरांनी तुकडा काढायला सांगितला होता, पण शेजारणी म्हणाल्या, सुरी लागली की पसरतं.

ही भीती मी आमच्या भागात इतक्या घरांत ऐकली आहे की तिच्याशी भांडायचंच मी ठरवलं आहे. आणि भांडायला लागणारं सगळं वर आलंच आहे. पेशी सुटी होणं म्हणजे पसरणं नव्हे. घर सुटल्यावर जगायचं, चालायचं, परक्या भुईत पाय रोवायचे, हे बळ पेशीत आतून, पायरीपायरीनं येतं, सुरीनं येत नाही. उलट तुकडा काढल्याशिवाय जोतं शाबूत आहे की फुटलं हे कळायला मार्गच नाही, आणि वाट बघण्यात गेलेले महिने त्या पेशींच्या कामी येतात. न भरणारी जखम, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, सुपारी खाणाऱ्याचं दिवसेंदिवस कमी उघडणारं तोंड, मानेतली न दुखणारी गाठ: दोन-तीन आठवड्यांत बरं वाटलं नाही तर दाखवायचं.

अक्का कबूल झाली ती माझ्यामुळं की लेकीमुळं, सांगता येत नाही. बायोप्सी गणपतीच्या आधी झाली. रिपोर्ट घेऊन ती पुन्हा सोप्यात बसली, लेक फोनवर होती. "बाई, खाली इन्व्हेजन हा शब्द कुठं आहे का बघा," एवढंच ती म्हणाली, आणि तिचा आवाज संशोधकाचा नव्हता. मी ओळींवरून बोट फिरवत गेले. 'माइल्ड डिस्प्लेझिया.' त्याखाली: 'नो इन्व्हेजन सीन.'

मी मराठीत सांगायच्या आतच अक्कानं विचारलं, "जोतं ऱ्हायलंय न्हवं?"

राहिलं आहे. डॉक्टरांनी मिश्री बंद सांगितली आहे आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला बोलावलं आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.